साडेपाच युरोची लेम्बर्गर, आणि आम्ही काढून टाकलेली बाग

मी मूळचा तासगाव तालुक्यातला. त्यामुळं द्राक्षाबद्दल कोणी मला काही सांगायला लागलं की आधी जरा हसूच येतं. आमच्या घरात पोरांना पाढे यायच्या आधी थॉमसन, सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश, शरद ही नावं यायची. सकाळी शाळेच्या आधी थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), संध्याकाळी जीए या वाढीच्या औषधाच्या पाण्याचा मग घेऊन घड बुडवत फिरायचं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळीचं ढग आलं की घरात कोणाला जेवण जायचं नाही. हे सगळं माहीत होतं. पण द्राक्षाची वाईन होते आणि ती चवीनं प्यायची गोष्ट आहे हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं, ते पण जर्मनीत, ते पण लेम्बर्गर नावाच्या लाल वाईनच्या साडेपाच युरोच्या बाटलीतनं. त्याचंच लिहितोय, जरा लांबेल, चहा घेऊन बसा (किंवा जे घेत असाल ते).

घरात अण्णा माळकरी. बाटली हा विषयच नाही. दारू म्हणजे दारू, मग ती द्राक्षाची असो नाहीतर मोहाची, एवढं साधं गणित. 2022 च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि महाराष्ट्रात 'वाईन दारू आहे की नाही' यावर जी काही जुंपली होती ती आठवत असेलच, तेव्हा टीव्हीवर शेतकऱ्याचा फायदा शेतकऱ्याचा फायदा असं चाललं होतं आणि अण्णांनी फोनवर मला एकच वाक्य सांगितलं, "फायदा आम्ही बघितलाय." त्या वाक्याकडं परत येतो, कारण त्याच्या मागं एक एकर बाग आहे.

मी स्टुटगार्टला आलो नोकरीसाठी. गाड्यांचं शहर म्हणून आलो. पहिल्याच दिवशी मेन स्टेशनच्या बाहेर येऊन मान वर केली तर समोरच्या टेकडीवर द्राक्षाची बाग! शहराच्या मधोमध. म्हणजे दादरला उतरून समोर बघावं आणि ऊस दिसावा तसलं काहीतरी. फोटो काढून अण्णांना पाठवला तर उत्तर आलं, "मांडव न्हाई व्हय?" बास, एवढंच. पोरगं जर्मनीला पोचलं याचं काही नाही, वेल चढवायचा मांडव का नाही ही काळजी. आणि ते शहर म्हणजे मुंबईचं 1968 पासूनचं सिस्टर सिटी, हे पण मला नंतरच कळलं, मुंबईकर मित्रांना सांगितलं तर कोणालाच माहीत नव्हतं.

इथं सुपरमार्केटमध्ये तेलाच्या नाहीतर बिस्किटांच्या पुढच्या गल्लीत वाईन असते. अख्खी भिंत. पहिलं वर्षभर मी काय केलं तर जी नावं ऐकलेली होती तीच उचलली, मेर्लो, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों. का, तर नाव ओळखीचं. लग्नात अनोळखी गर्दीत आपण कसं एक ओळखीचा चेहरा शोधतो आणि मग तो माणूस कितीही बोअर असला तरी त्याच्याच शेजारी बसतो, तसं. त्यातल्या चार-पाच युरोच्या बऱ्याचशा बाटल्या कशा होत्या तर ना धड वाईट ना धड चांगल्या, जरा गोडसर, जरा व्हॅनिलासारखा वास, आणि दुसऱ्या दिवशी आठवण शून्य. मला वाटलं वाईन असलीच असते, लोक उगाच मोठेपणा करतात.

लेम्बर्गरशी पहिली गाठ तर इतकी वाईट पडली की सांगायची लाज वाटते. ऑफरमध्ये होती, लेबलवर किल्ल्याचं चित्र, मी घेतली. लेबलवर 'हाल्बट्रोकन' लिहिलेलं, म्हणजे शब्दशः अर्धं कोरडं, मला वाटलं असेल काहीतरी. घरी येऊन उघडली तर गोडमिट्ट, लहानपणी ताकदीसाठी आई द्यायची त्या टॉनिकची आठवण झाली. अर्धी बाटली बेसिनमध्ये गेली. चूक माझीच होती, इथं 'ट्रोकन' लिहिलेलं असेल तरच ती कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ सगळी आंबून गेलेली. 'हाल्बट्रोकन' म्हणजे गोडसर आणि 'लीबलिश' म्हणजे सरळ गोड. हे तीन शब्द मला कोणी आधी सांगितले असते तर सहा महिने वाचले असते, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मग एका नोव्हेंबरात, पाऊस, चार वाजता अंधार, घरमालकीण आजी (वय ऐंशीच्या पुढं, चालणं माझ्यापेक्षा फास्ट) म्हणाल्या चल तुला बेझनला नेते. बेझन म्हणजे झाडू. खरंच झाडू. इथली परंपरा अशी की द्राक्ष बागायतदार स्वतःच्या घरात नाहीतर गोठ्यात बाकं टाकतो, दाराबाहेर एक झाडू टांगतो, झाडू लटकलेला दिसला म्हणजे आत वाईन चालू. नियम पण आहेत, वर्षातनं जास्तीत जास्त चार महिने उघडं ठेवायचं, चाळीसच्या वर खुर्च्या नाहीत, आणि वाईन फक्त स्वतःच्या बागेची. मला ही कल्पनाच इतकी आवडली. आपल्याकडं बागायतदारानं दारात पाटी लावून 'या, बसा, आमचाच माल आहे' असं केलं तर? (एक्साइजवाले येतील, माहितीये.)

आत गेलो तर चष्म्यावर वाफ. कोणाच्याही टेबलावर बसायचं, सरका म्हणायचं आणि बसायचं, एसटीसारखं. आणि वाईन देतात कशात तर पाव लिटरच्या कान असलेल्या काचेच्या मगात. ते उंच देठाचे नाजूक ग्लास, फिरवणं, नाक घालणं, काही नाही. त्या पाव लिटरला म्हणतात 'फिअर्टेले' आणि ती कशी प्यायची याला इथल्या श्वाबियन लोकांचा खास शब्द आहे, 'श्लोत्सन', म्हणजे गोळी चघळतात तसं चघळत प्यायची. आजींनी माझ्यासाठी परस्पर ऑर्डर दिली, "लेम्बर्गर, ट्रोकन." मी मनात म्हणलं गेली संध्याकाळ, परत ते टॉनिक. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

आणि पहिला घोट घेतला आणि गप्पच झालो.

कसं सांगू. रंग एकदम गडद, जांभळाच्या पिकल्या सालीसारखा. चवीला आंबटपणा स्वच्छ, कोकमासारखा धारदार नाही पण जीभ जागी करणारा, मग काळ्या चेरीसारखं, करवंदासारखं काहीतरी, आणि मागनं हळूच काळी मिरी. आणि हिरड्यांना ती जराशी तुरट पकड, आवळा खाल्ल्यावर येते त्याच्या दहावा हिस्सा. गोडवा नाही. व्हॅनिला नाही. पहिल्यांदा असं वाटलं की हे खरंच द्राक्षापासून केलंय. म्हणजे आम्ही लहानपणी जुन्या बागेतल्या बांधावरच्या कुठल्यातरी बियावाल्या काळ्या वेलाची द्राक्षं तोंडात फोडायचो, साल चावायचो, ती सालीची चव. थॉमसनला ती चवच नाही, थॉमसन म्हणजे साखर आणि पाणी (अण्णा वाचत नाहीत म्हणून लिहितोय).

आजींना विचारलं ही इतकी भारी आहे तर मी नाव कसं ऐकलं नाही कधी. त्या म्हणाल्या, कारण आम्हीच पिऊन टाकतो, बाहेर जाऊ कशाला द्यायची. मला वाटलं चेष्टा, पण इथं सगळेच हे सांगतात आणि बऱ्यापैकी खरं आहे, व्युर्टेमबर्गची, म्हणजे या स्टुटगार्टच्या भागाची वाईन मुख्यतः व्युर्टेमबर्गमध्येच संपते. जर्मनीतच हॅम्बुर्गच्या माणसाला विचारा, त्याला पांढरी रीसलिंग माहीत, ही नाही.

मग मी वेड्यासारखा वाचत सुटलो. तर हिची गंमत अशी की ही एकटी नाही, हिची पाच-सहा नावं आहेत. ऑस्ट्रियात हीच ब्लाउफ्रेंकिश, हंगेरीत केकफ्रांकोश, स्लोव्हाकियात फ्रांकोव्हका, स्लोव्हेनियात मोड्रा फ्रांकिन्या. प्रत्येक देशात नाव वेगळं म्हणूनच जगात हिचं एक नाव झालं नाही. कॅबर्ने जिथं जाईल तिथं कॅबर्ने, ही जिथं जाईल तिथं नवीन नवरीसारखं नाव बदलून. लेम्बर्गर हे नाव आज स्लोव्हेनियात असलेल्या लेम्बर्ग नावाच्या जागेवरनं पडलं, तिथनं ही रोपं इकडं आली. 'फ्रेंकिश' मधली गोष्ट अजून भारी. मध्ययुगात या भागात द्राक्षाच्या दोन जाती मानायचे, फ्रेंकिश म्हणजे उच्च, चांगली, आणि हॉइनिश म्हणजे सामान्य, हलकी, शेतकऱ्याची. म्हणजे ही नावावरनं खानदानी. आणि आता डीएनए तपासल्यावर निघालं काय, तर हिच्या आईबापांपैकी एक म्हणजे हॉइनिशच! तीच हलकी समजलेली, बंदी घातलेली जात. आणि तीच हॉइनिश शार्डोनेचीही पालक आहे. म्हणजे माझी साडेपाच युरोची बाटली आणि ती शंभर युरोची पांढरी बर्गंडी (ती शार्डोनेचीच असते), दोघी नात्यानं सावत्र बहिणी. हे वाचल्यावर मी रात्री साडेअकराला एकटाच हसत बसलो होतो.

आणि इथली अजून एक द्राक्ष आहे, ट्रोलिंगर. श्वाबियन लोकांचं खरं प्रेम तिच्यावर. फिकट, हलकी, पाण्यात रूहअफजा जरा कमी पडल्यासारखा रंग. मला नाही आवडत, सरळ सांगतो, आणि हे मी आजींसमोर बोलणार नाही. पण ती खायला पण वापरतात, इंग्लंडला हॅम्प्टन कोर्टमध्ये 1768 साली लावलेला जो प्रचंड जुना वेल आहे तो याच जातीचा. दोन्ही मिसळून 'ट्रोलिंगर मिट लेम्बर्गर' अशी बाटली सगळीकडं मिळते, ती म्हणजे तडजोड, नवराबायकोची असते तशी.

ब्राकनहाइम म्हणून गाव आहे, इथनं तासाभरावर, ते स्वतःला लेम्बर्गरचं गाव म्हणवतं. पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्रपती थिओडोर हॉइस 1884 ला त्याच गावात जन्मले आणि या माणसानं 1905 साली पीएचडी कशावर केली माहितीये का, हाइलब्रॉनच्या द्राक्ष बागायतदारांवर. राष्ट्रपती! द्राक्ष बागायतदारांवर पीएचडी! मी तासगावात हे सांगितलं तर लोक म्हणतील मग दराचं काय केलं त्यानं.

आता स्वस्त का, यावर येतो, कारण हा प्रश्न मला सगळे विचारतात, 'इतकी चांगली आहे तर पाच-सहा युरोला कशी'. एक म्हणजे जर्मनीत साध्या वाईनवर दारूचा असा वेगळा करच नाही, शून्य, फक्त नेहमीचा 19 टक्के व्हॅट. फेसाळणाऱ्या झेक्टवर मात्र कर आहे, तो 1902 मध्ये जर्मन बादशहानं, कैसरनं, आरमार बांधायला लावला, आरमार बुडून शंभर वर्षं झाली, कर अजून चालू आहे, बाटलीला एक युरो दोन सेंट. सरकारं सगळीकडची सारखीच. दुसरं म्हणजे नाव. ओळखीच्या नावाला पैसे पडतात, अनोळखी नावाला नाही, आंब्याच्या पेटीवर देवगड लिहिलं की जे होतं तेच. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जवळचं वाटलं, ते म्हणजे सोसायटी.

इथली बहुतेक द्राक्षं सहकारी वायनरीत जातात, गेनोसनशाफ्ट. एकदा नीट समजून घेतलं तर माझ्या डोळ्यासमोर आमचा साखर कारखानाच उभा राहिला. सभासद असतो, त्यानं आपला माल कारखान्यालाच घालायचा, दुसरीकडं विकायचा नाही. काटा होतो. साखर मोजतात, त्यावर भाव. पैसे एकदम नाही, हप्त्यानं, पुढच्या तोडणीपर्यंत आणि कधीकधी त्याच्याही पुढं. वार्षिक सभेत चेअरमनला शिव्या. सगळं तेच हो! फक्त शिव्या जर्मनमध्ये. अशा सोसायटीच्या दुकानात थेट गेलं तर लिटरची साधी लेम्बर्गर आणि पाऊण लिटरची जरा बरी, दोन्ही पाच ते आठ युरोत येते. मी जी नेहमी घेतो ती साडेपाचची.

घेताना एक गोष्ट बघा. लाल वाईनचा रंग सगळा सालीत असतो, आतला गर पांढराच, म्हणून द्राक्ष चिरडून सालीसकट ठेवावं लागतं. स्वस्तात पटकन करायचं तर तो लगदा गरम करतात, रंग तासाभरात सुटतो, वाईन फळासारखी लागते पण पोकळ, टॉनिककडं झुकणारी. दुसरी पद्धत म्हणजे सालीसकट आठ-दहा दिवस किंवा जास्त आंबू द्यायचं, त्याला 'माइशेगेरुंग' म्हणतात, बाटलीच्या मागं कुठंतरी बारीक अक्षरात असतं. ते दिसलं आणि 'ट्रोकन' दिसलं की डोळे झाकून घ्या. लाकडी पिंपातल्या, लेबलवर 'बॅरिक' (म्हणजे लाकडी पिंप) लिहिलेल्या वीस-पंचवीस युरोच्या पण असतात, मी दोनदा घेतल्या, चांगल्या होत्या, पण मला माझी साडेपाचवालीच बरी. कदाचित जीभ गरीब असेल.

आणि जेवणाचं. झणझणीत तांबड्या रश्शाबरोबर नका घेऊ, तिखटानं तो तुरटपणा डबल होतो आणि वाईन कडू लागते, मी करून बसलोय. मटण सुक्कं, तिखट हातचं राखून, खोबरं-धने भाजून केलेलं, तर काय जमतं सांगू. भरलं वांगं तर अहाहा. पिठल्याबरोबर ट्राय केलं, नाही जमलं, पिठल्याला ताकच. उन्हाळ्यात बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून काढायची, रूम टेंपरेचर हे युरोपातल्या थंड घरांचं असतं, आपलं नाही.

मागच्या सप्टेंबरात आईअण्णा आले. अण्णांना यायचंच नव्हतं, ऑक्टोबर छाटणी तोंडावर, पण छाटणीच्या आधी परत पाठवतो असं कबूल करून आणले. पहिले चार दिवस त्यांना काहीच दाखवण्यासारखं वाटेना, म्युझियम नको, किल्ला नको, म्हणून रोटनबर्गला नेलं. ती टेकडी, वरती इथल्या राजानं आपल्या तरुण वारलेल्या राणीसाठी बांधलेली समाधी, आणि चारी बाजूंनी उतारावर नुसत्या बागा, खाली नेकार नदी आणि गाड्यांचा अवाढव्य कारखाना. आईनं समाधीला नमस्कार केला. अण्णा समाधीकडं पाठ करून बागेत शिरले.

मी मागं पळालो, कोणी ओरडेल म्हणून. तर ते वाकून खोडाजवळ माती सारून बघतायत. "ह्येबी कलमाचंच की." खाली अमेरिकन खुंट, वर इथली काडी, फिलोक्सेराच्या किडीमुळं अख्ख्या युरोपला हे करावं लागलं, आणि आमच्याकडं डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतात ते पाण्यासाठी आणि क्षारासाठी. कारण वेगळं, गाठ तीच. मग त्यांचे प्रश्न सुरू. एकच छाटणी? हो, हिवाळ्यात, इथं वेल झोपतो. "आपला झोपतच न्हाई, म्हणून दोनदा छाटाय लागतोय," हे त्यांनी आईला समजावलं, जसं काही आईला माहीत नाही, चाळीस वर्षं काड्या तीच वेचतेय. भुरी रोग येतो का, येतो. केवडा येतो का, येतो. ह्या दोन उत्तरांनी त्यांचा जर्मनीबद्दलचा आदर एकदम वाढला.

तेवढ्यात खरंच बागेचा मालक आला, साठीचा माणूस, जुनी गाडी, हातात कात्री. इथं त्यांना वेंगर्टर म्हणतात. मी माफी मागत सांगितलं की वडील भारतातले द्राक्ष शेतकरी आहेत. त्या माणसाचा चेहराच बदलला. त्यानं लेम्बर्गरचा एक घड कापून अण्णांच्या हातात दिला. तोडणी आठवड्यावर होती. अण्णांनी एक मणी तोंडात टाकला, फोडला, बी हातावर काढून बघितलं, तपकिरी झालंय का ते, मग साल चावत थोडा वेळ आभाळाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "बावीस. एखादा पॉइंट हिकडंतिकडं."

मी भाषांतर केलं, बावीस ब्रिक्स म्हणतायत, ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. त्या माणसानं खिशातनं दुर्बिणीसारखं रिफ्रॅक्टोमीटर काढलं, तेच हो, आपल्याकडं बेदाण्याच्या टायमाला सगळ्यांच्या खिशात असतं ते, दोन मणी पिळले, उजेडाकडं धरून बघितलं आणि म्हणाला, एक्क्याण्णव. इथं ब्रिक्स नाही, ओक्स्ले मोजतात, फोर्झहाइमच्या एका सोनाराच्या नावावरनं. मी फोनवर हिशोब केला. एक्क्याण्णव ओक्स्ले म्हणजे पावणेबावीस ब्रिक्स.

दोघं एकमेकांकडं बघून असे हसले की मी भाषांतर करायचं बंदच केलं. पुढचा अर्धा तास त्यांना माझी गरज पडली फक्त एका प्रश्नाला. "दर काय मिळतोय म्हणावं किलोला?" तो म्हणाला एक युरोच्या आतबाहेर, साल बघून, तेही हप्त्यानं. अण्णांनी मनात शंभरानं गुणलं, उताराकडं बघितलं, त्या दगडी पायऱ्या, ट्रॅक्टर जात नाही, सगळं हातानं, पाठीवर. म्हणाले, "मग परवडंना ह्येला." विचारायची गरज नव्हती पण मी विचारलं. तो म्हणाला, पोरगा शहरात नोकरीला आहे, या उतारावरच्या बागा एकेक करून सुटत चालल्यात, माझ्यानंतर ही पण सुटेल. मी 'इतकी स्वस्त इतकी मस्त' म्हणून जी बाटली मिरवत होतो ना, त्याची दुसरी बाजू ही. शेतकऱ्याच्या पोरानं हे त्या उतारावर उभं राहून ऐकायची वेळ यावी, जरा वरमलोच मी. सोसायटीच्या दुकानात आता आठवाली पण घेतो अधूनमधून. त्यानं त्याला काय फरक पडतो ते त्यालाच माहीत.

परतताना बसमध्ये अण्णा आपणहून बोलले, एकराच्या बागेबद्दल. 2001 मध्ये सरकारचं वाईनचं धोरण आलं, मग आमच्या भागात पण पलूसला वाईन पार्क, सगळीकडं हवा झाली की आता टेबल द्राक्षाचे दिवस गेले. आम्ही 2006 ला एक एकर कॅबर्ने लावली. का कॅबर्ने, तर कंपनीच्या माणसानं सांगितलं जगात हिलाच नाव आहे. दोन वर्षं माल गेला. तिसऱ्या वर्षी माल तयार आणि गाडीच आली नाही. फोन उचलेना कोणी. आता टेबल द्राक्ष असतं तर बाजारात नेलं असतं, बेदाणा टाकला असता, पण वाईनच्या द्राक्षाला बी, मणी वाटाण्याएवढा, साल जाड, खायला कोण घेणार आणि बेदाणा कशाचा करणार. वेलावर वाळली. मी तेव्हा कॉलेजला होतो, मला फक्त एवढंच कळवलं की बाग काढली. जेसीबी लावून काढली हे बसमध्ये कळलं. त्याच्या आदल्या वर्षाचं अर्धं बिल अजून यायचंय, ते अण्णा अजून 'यायचंय' असंच म्हणतात.

"आपन जगाचं नाव बघून लावली," अण्णा म्हणाले. "ह्यांनी आपल्या गावात कोन पितंय ते बघून लावली. आपल्या गावात कोन पिनार हुतं, मीबी माळकरी."

त्या माणसानं निघताना एक बाटली दिली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून, पैसे घेतले नाहीत. अण्णांनी ती घरी येईपर्यंत मांडीवर धरून ठेवली होती. टेबलावर ठेवली आणि म्हणाले तू पी, मी बसतो. मी ओतली. त्यांनी ग्लास खिडकीकडं धरून रंग बघितला, बराच वेळ, वास घेतला, परत ठेवला. "वास बेदाण्याच्या शेडचा येतोय जरा." मी हुंगलं. आणि खरंच येत होता, शेवटाला, अगदी हलका. इतकी वर्षं मला 'काळी चेरी' वाटत होतं.

छाटणीच्या आधी गेले ते परत, ठरल्याप्रमाणं. परवा फोन आला, इकडचं पाणी, तिकडची काडी, मजूर मिळंना, सगळं झाल्यावर ठेवता ठेवता म्हणाले, "त्या बाबाची तोडणी झाली का रं? यंदा ओक्स्ले किती लागलं इचार की."

विचारतो म्हणलं. शनिवारी तसंही जायचंच आहे, लिटरच्या दोन्ही बाटल्या संपल्यात.